भुईवर घेण्याची वेळ

आमच्या घरी माणूस जायला टेकला की त्याला भुईवर घेत. माजघरातली सारवलेली जमीन, तिच्यावर घोंगडी. चौघांनी मिळून त्याला खाटेवरून अलगद उचलायचं, खाली ठेवायचं, डोकं कुणीतरी मांडीवर घ्यायचं आणि तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान घालायचं. आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या रात्रीतलं एकच वाक्य मला स्वच्छ आठवतं. माझ्या वडिलांनी डॉक्टरांना पुन्हा बोलावून आणायला सायकल काढली होती. आजी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आता राहू दे. त्यांना खाली घ्या." वडिलांनी सायकल भिंतीला लावली. मग घरातली धावपळ थांबली आणि सगळे आजोबांच्या भोवती बसले.

सत्तेचाळीस वर्षांनी तेच वडील, ऐंशी वर्षांचे, मेंदूत रक्तस्राव होऊन एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. दिवसातून दोन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, एकेकाने आत जायचं. डोळे बंद, घशात नळी, नाकात नळी, आणि हात सुजून पावासारखे झालेले. सातव्या-आठव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूची इजा फार मोठी आहे, शुद्ध येईल असं वाटत नाही. आणि लगेच विचारलं, "सगळं करायचं ना?"

मी म्हणाले, "हो. सगळं करा."

आणि त्यांनी सगळं केलं. एकोणिसाव्या दिवशी पहाटे हृदय थांबलं तेव्हा छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला. मला आत बोलावलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. तिथल्या तरुण सिस्टरने हळू आवाजात सांगितलं की छातीवर दाब देताना बरगड्या मोडतात, पण त्यांना काही कळलं नसेल. तिला माझं सांत्वन करायचं होतं. मला मात्र सायकल भिंतीला लावणारे तेहतीस वर्षांचे वडील दिसत होते. आजीने जे वाक्य उच्चारलं होतं ते म्हणायची हिंमत त्या एकोणीस दिवसांत आमच्यापैकी कुणालाही झाली नाही, डॉक्टरांनाही नाही.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. "सगळं करायचं ना?" याला कोणती मुलगी "नको" म्हणेल? तो विचारण्याच्या पद्धतीतच त्याचं उत्तर ठरलेलं असतं. चालू ठेवणं हे आपोआप योग्य, त्याचं कुणी समर्थन करायला नको, आणि थांबवणाऱ्याने मात्र आपली बाजू मांडायची, अशी आपल्या मनाची बैठक झाली आहे. माझ्या मते घोळाचं मूळ इथे आहे. दर सकाळी त्या माणसाच्या घशात नळी राहू देणं हाही एक निर्णय असतो. कुणीतरी तो घेत असतं, आणि ज्याच्या शरीरावर घेत असतं त्याने तो मान्य केला असता का, हा प्रश्न तिथेही तितकाच लागू होतो.

ज्या यंत्राभोवती हा सगळा वाद उभा आहे त्याचा जन्म आठवावा. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुलं गुदमरून मरत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, हाताने रबरी पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत तिथे वापरली. पिशव्या दाबायला वैद्यकीय महाविद्यालयातले शेकडो विद्यार्थी आळीपाळीने बसले, दिवस आणि रात्र. स्नायूंत पुन्हा बळ येईपर्यंत दुसऱ्याच्या हातांनी श्वास घ्यायचा, म्हणजे मूल पैलतीराला लागतं. आजचे अतिदक्षता विभाग त्या पिशव्यांचे वारस आहेत. हे उपकरण म्हणजे एक नाव होती, पलीकडे पोचवणारी. पलीकडचा किनाराच नसेल तर माणसाला त्या नावेत किती दिवस बसवून ठेवायचं, हा प्रश्न पाच वर्षांतच पुढे आला. ऑस्ट्रियातल्या एका भूलतज्ज्ञाने तो थेट पोपना विचारला होता. नोव्हेंबर 1957 मध्ये बाराव्या पायस यांनी उत्तर दिलं की नेहमीचे उपाय करणं माणसाचं कर्तव्य आहे, असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती मात्र नाही. जीव घेण्याला कडवा विरोध असलेल्या धर्मपीठाने हे सांगितलं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. यंत्र थांबवणं आणि जीव घेणं यांत त्यांना फरक दिसत होता.

आपल्याकडे हा फरक पुसट झाला तो शब्दांमुळे. वर्तमानपत्रांत व्हेंटिलेटर काढण्याची बातमी आली की मथळा असतो 'इच्छामरण' किंवा 'दयामरण'. इच्छामरण म्हटलं की आपल्याला शरपंजरी भीष्म आठवतात, उत्तरायणाची वाट पाहणारे, पूर्ण शुद्धीवर असलेले, आपल्या मरणाचा मुहूर्त स्वतः ठरवणारे. मराठी मनाला या वाटेचं भय नाही. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषध आणि अन्नपाणी नाकारलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. 1966 मध्ये सावरकरांनी प्रायोपवेशन केलं. 1955 मध्ये कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. या तिघांबद्दल आपण आदराने बोलतो. पण हे दाखले अतिदक्षता विभागाच्या दारात फार उपयोगी पडत नाहीत, कारण तिघेही शुद्धीवर होते आणि तिघांनीही आपलं म्हणणं स्वतः सांगितलं. माझे वडील काहीच सांगू शकत नव्हते. त्यांच्या बाबतीत इच्छामरण हा शब्द चुकीचा, आणि दयामरण त्याहून चुकीचा. त्यांना मेंदूतला रक्तस्राव मारत होता. आमच्यापुढे प्रश्न एवढाच होता की त्याच्या आड आम्ही किती दिवस नळ्या घालत राहायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2018 मध्ये या विषयाची परिभाषा नव्याने निश्चित केली तेव्हा 'निष्क्रिय दयामरण' हा प्रयोग सोडून उपचार मर्यादित करण्याची भाषा स्वीकारली. ती भाषा रूक्ष आहे, पण खरी आहे.

आता अरुणा शानबाग. या विषयावर मराठीत लिहायचं आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या त्या वॉर्डपाशी थांबायचं नाही, हे शक्यच नाही. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्या रुग्णालयातल्या या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी अत्याचार केला. गळ्याभोवती साखळी आवळल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि ती कायमची शुद्ध हरपलेल्या अवस्थेत गेली. पुढची बेचाळीस वर्षं, 18 मे 2015 ला न्यूमोनियाने जाईपर्यंत, ती केईएममध्येच होती. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विरानी यांनी तिला शांतपणे मरू द्यावं म्हणून तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 7 मार्च 2011 चा निकाल सगळ्यांना माहीत आहे: अरुणासाठीची मागणी फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग देशात पहिल्यांदा उघडला.

या निकालातली एक गोष्ट मला नेहमी टोचते. यंत्र थांबवण्याचा कायदा ज्या प्रकरणातून जन्माला आला, त्या प्रकरणात यंत्र नव्हतंच. अरुणा स्वतःचा श्वास स्वतः घेत होती. थांबवण्यासारखं काय होतं? जेवण. कुस्करलेलं अन्न परिचारिका तिला भरवत. 2010 मध्ये मलेरिया झाल्यावर तोंडाने खाणं कमी झालं तेव्हा नाकातून नळी घालावी लागली. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईच्या पाठीला एक जखम नव्हती. ज्यांनी शुश्रूषा केली आहे त्यांना कळेल हे काय काम आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पुसायचं, कोरडं करायचं, आणि हे एका पिढीने निवृत्त होताना दुसरीच्या हाती द्यायचं. त्या परिचारिकांनी याचिकेला ठाम विरोध केला. न्यायालयाने तिची खरी आप्त म्हणून विरानी यांना मानलं नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना मानलं.

बरीच वर्षं मी मनातून विरानींच्या बाजूने होते. त्या अंथरुणावर मी असते तर, असा विचार करून अंगावर काटा यायचा. वडिलांच्या एकोणीस दिवसांनंतर माझं मत बदललं, आणि ते उलट्या दिशेने बदललं असं वाटेल. वडिलांच्या नळ्या आठव्या दिवशी काढायला हव्या होत्या अशी माझी खात्री झाली. आणि केईएमच्या परिचारिका बरोबर होत्या अशीही. आयुष्य निरर्थक आहे का, हा एक प्रश्न. उपचार निरर्थक आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देण्याचा अधिकार मला कुणाच्याही बाबतीत नाही. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टरांनी द्यायलाच हवं. अरुणाला चमच्याने भरवणं हा उपचारच नव्हता, ती माणसाने माणसाची केलेली काळजी होती. ती थांबवायची म्हणजे 'हिचं जगणं जगण्यालायक नाही' असा निवाडा करायचा. वडिलांच्या व्हेंटिलेटरबद्दल प्रश्न वेगळा होता. हे यंत्र त्यांना कुठे नेत आहे, एवढाच.

ज्यांच्या घरी तीव्र अपंगत्व असलेलं मूल आहे अशा आई-वडिलांना या विषयाचं भय वाटतं, ते याचमुळे. "अशा जगण्यात काय अर्थ आहे" हे वाक्य त्यांनी शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून, कधी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं असतं. आज व्हेंटिलेटर काढण्याला हो म्हटलं तर उद्या आमच्या मुलाच्या न्यूमोनियावर औषध देताना कुणी हात आखडता घेणार नाही कशावरून, ही त्यांची शंका खरी आहे. ती 'निसरडी वाट' म्हणून झटकून टाकू नये. मला तिच्यावर एकच उपाय दिसतो. निर्णयाच्या कागदावर 'जगण्याचा दर्जा' हा शब्द येऊ द्यायचा नाही. उपचाराने काय साधणार आहे आणि रुग्णाने काय म्हटलं असतं, एवढंच लिहायचं.

मान्य करते की ही रेघ सगळीकडे इतकी स्वच्छ ओढता येत नाही. 1989 मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत सापडलेला टोनी ब्लँड हा तरुण अरुणासारख्याच अवस्थेत गेला. त्याला अन्न नळीतून दिलं जात होतं. 1993 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ते थांबवायला परवानगी दिली, कारण नळीने दिलेलं अन्न हा वैद्यकीय उपचार आहे असं त्यांनी धरलं. नळी म्हणजे उपचार आणि चमचा म्हणजे काळजी? तेच दूध, तीच पेज. या प्रश्नाकडे मी शेवटी पुन्हा येईन.

काढणं आणि न लावणं यांबद्दलचा गैरसमज मात्र दूर करता येण्यासारखा आहे, आणि तो डॉक्टरांमध्येही खोलवर आहे. व्हेंटिलेटर लावलाच नाही तर चालतं, पण लावलेला काढला तर आपल्या हातून मरण आलं, असं वाटतं. हात थरथरतो, हे मी समजू शकते. पण परिणाम काय होतो पाहा. लावलेलं काढता येत नाही अशी खात्री असली की डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही लावायलाच घाबरतात. ऐंशीच्या आजोबांना न्यूमोनिया झाला आहे, पाच दिवस यंत्राचा आधार मिळाला तर ते कदाचित घरी चालत जातील. पण "एकदा लावलं की निघत नाही" हे ऐकलेला मुलगा म्हणतो, नको. थांबवण्याची मुभा असली तरच सुरू करण्याची हिंमत होते. म्हणून ठरावीक मुदतीसाठी लावून पाहायचं, मुदत संपताना सगळ्यांनी बसून पुन्हा ठरवायचं, ही पद्धत मला सगळ्यात माणुसकीची वाटते. आठव्या दिवशी माझ्यापुढे "सगळं करायचं ना?" ऐवजी "आपण सात दिवस प्रयत्न केला, आता काय दिसतंय ते सांगतो" हे वाक्य आलं असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

कायद्याने असा मार्ग आता दिला आहे. 9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कॉमन कॉज प्रकरणात सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या 21 व्या कलमात आहे असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली. त्यात घातलेल्या अटी मात्र इतक्या किचकट होत्या, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीपासून सगळं, की ती वाट कुणी चालूच शकेना. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयाने त्या सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. रुग्णालयात डॉक्टरांची एक समिती, तिच्यावर दुसरी, दोघींनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, नातेवाइकांची संमती घ्यायची आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसेल तरी समित्यांचा हाच मार्ग खुला असतो. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं, गोव्यातलं पहिलं. मुंबईत डॉ. निखिल दातार यांना हे कागद सांभाळणारे अधिकारी नेमावेत म्हणून उच्च न्यायालयात जावं लागलं. या मागणीला आपल्याकडे जुना वारसाही आहे. मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मुंबईत संस्था काढली ती 1981 मध्ये.

पण कायद्याच्या पुस्तकातलं हे चित्र आणि आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचं चित्र यांत फार अंतर आहे. तिथे उपचार थांबतात ते पैसे संपल्यावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काउंटरवरून निरोप येतो, आणखी डिपॉझिट भरा. मुलगा गावाकडे फोन करतो, बैल विकायचे का, सोनं ठेवायचं का. मग एका संध्याकाळी तो सही करतो, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहे. ॲम्ब्युलन्समध्ये एक मामा श्वास देणारी रबरी पिशवी दाबत बसतो, आणि घराच्या दारात पिशवीवरचा हात थांबतो. हेही जीवरक्षक उपचार थांबवणंच आहे. त्यासाठी समिती बसत नाही, मॉर्फिन मिळत नाही, धाप लागलेल्या माणसाला आराम पडावा म्हणून काय करायचं ते कुणी सांगत नाही, आणि कागदावर दोष मुलाचा लागतो: सल्ला मानला नाही. तो मुलगा आयुष्यभर समजत राहतो की आपण बापाला पैशासाठी मारलं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, ज्यांच्याकडे विम्याचं कार्ड आहे त्यांचे वडील पाचव्या आठवड्यातही व्हेंटिलेटरवर असतात, कारण थांबा म्हणायचं कारण कुणालाच नसतं.

नीतीच्या चर्चेत हे दोन मजले एकत्र पाहिले नाहीत तर ती चर्चा खोटी आहे असं मी म्हणेन. ज्याला उपचार परवडत नव्हते त्याने ते नाकारले, याला स्वेच्छा म्हणायची माझी तयारी नाही. म्हणून उपचार थांबवण्याच्या हक्काची मागणी करणाऱ्या माझ्यासारखीने त्याच दमात दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. सरकारी रुग्णालयात पुरेशा अतिदक्षता खाटा, म्हणजे थांबण्याचा निर्णय पाकीट पाहून होणार नाही. आणि तालुक्यापर्यंत वेदनाशामक शुश्रूषा. मॉर्फिनवरची कायद्यातली जाचक बंधनं 2014 च्या दुरुस्तीने सैल झाली, तरीही कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस खेड्यात क्रोसिनच्या गोळीवर तळमळतो. नळी काढल्यावर डॉक्टरांचं काम संपत नाही. श्वासाची घरघर, कोरडे पडलेले ओठ, घाबरलेली बायको, हे सगळं पाहणारं माणूस हवं. आजीने "खाली घ्या" म्हटल्यावर घर ओस पडलं नव्हतं. त्यानंतरच सगळे जवळ आले होते.

आजीचा काळ चांगला होता असं मला म्हणायचं नाही. तेव्हा आजोबांसाठी करण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून थांबणं सोपं होतं. आज वाचू शकतील अशी किती माणसं तेव्हा भुईवर घेतली गेली असतील. मला तिच्याकडून हवी आहे ती वेळ ओळखण्याची आणि ते मोठ्याने बोलण्याची जबाबदारी. ती आज कुणाची हे ठरलेलं नाही. डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात, नातेवाईक डॉक्टरांकडे. धाकटा भाऊ थोरल्याकडे पाहतो, आणि अमेरिकेतली बहीण फोनवरून सांगते की प्रयत्नांत कसूर नको. कुणीच बोलत नाही, आणि न बोलण्यालाच प्रेम समजलं जातं.

गेल्या पावसाळ्यात मी माझं इच्छापत्र लिहायला घेतलं. माझ्या वतीने बोलणारी माणसं म्हणून मुलीचं आणि धाकट्या भावाचं नाव घातलं, एकीवर भार नको म्हणून. मुलगी आधी चिडली, हे काय अभद्र घेऊन बसलीस म्हणाली. मग दोन दिवसांनी तिनेच विचारलं, आजोबांच्या वेळी तू काय करायला हवं होतंस असं तुला वाटतं? आम्ही रात्री दीडपर्यंत बोलत होतो. व्हेंटिलेटरबद्दल लिहून झालं: सुधारण्याची आशा असेल तर लावा, दहा दिवसांनी सगळे बसा, आशा नसेल तर काढा. छाती दाबण्याबद्दल लिहून झालं. डायलिसिसबद्दलही.

नळीने अन्न देण्याची ओळ अजून रिकामी आहे. मुलीचं म्हणणं, नळी ती नळीच, वेगळं काय त्यात. मला केईएमच्या त्या परिचारिका दिसतात. शुद्ध परतणार नाही हे नक्की झालं तर नळी नको, असं मी एकदा पेन्सिलीने लिहिलं आणि खोडलं. चमच्याने घशाखाली उतरेल तोवर भरवा, हे मात्र तिने माझ्याकडून लिहून घेतलं आणि म्हणाली, "तेवढं मी करीन." येत्या रविवारी भाऊ येणार आहे. तेव्हा तिघं मिळून पुन्हा बसू.